सहा बौद्ध देशांचा नकाशा आणि खिशातले पैसे: यंदा नेकनूरहून कुठवर जाता येईल?

आमच्या नेकनूरमधल्या सात जणांच्या मोबाईलवर गेला महिनाभर एकच नकाशा फिरतो आहे. नेपाळ, भूतान, म्यानमार, थायलंड, जमलेच तर कंबोडिया आणि श्रीलंका. पाठीवर एक बॅग, खिशात बेताचे पैसे आणि दीड महिन्यात सगळे बौद्ध देश! कल्पना आमचीच, त्यामुळे तिची टिंगल करणार नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या आई-वडिलांनी राज्याची हद्द ओलांडली ती कोयता घेऊन, कर्नाटकातल्या कारखान्यांवर. केवळ पाहायला म्हणून निघणारे आम्ही घरातले पहिले. म्हणून हिशेब नीट मांडला, आणि तो मांडल्यावर सहा देशांतला एकच उरला.

आधी म्यानमार गेला. मणिपूरमधल्या मोरेहून तामूमार्गे थेट थायलंडला पोहोचवणाऱ्या महामार्गाबद्दल आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. पण मणिपूर मे २०२३ पासून धुमसते आहे आणि सीमेपलीकडे फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर यादवी थांबलेली नाही. त्यात २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडाले आणि सगाईंग परिसर उद्ध्वस्त केला. १९५४ मध्ये बाबासाहेब ज्या रंगूनला बौद्ध परिषदेसाठी गेले, तिथे आज हौसेने जाण्याची परिस्थिती नाही. पुढे थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यांत २०२५ च्या जुलैत लढाई झाली, डिसेंबरात पुन्हा. बसने बँकॉकहून अंगकोरला जायचे, हा बॅगवाल्या प्रवाशांचा आवडता रस्ता त्यामुळे मोडला. दोन्ही देश बौद्ध, हे इथे मुद्दाम सांगतो. राष्ट्रवादापुढे पंचशील कुठे राहते, ते त्या सीमेवर दिसले.

थायलंड एकटा करता येतो. जुलै २०२४ पासून त्यांनी भारतीयांना बिनव्हिसा ६० दिवस राहू दिले. मे २०२५ पासून विमानात बसण्याआधी ऑनलाइन प्रवेशपत्रही भरावे लागते. नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. पण थायलंडचे नाव आपल्या भागात सध्या सहलीपेक्षा नोकरीसाठी जास्त घेतले जाते, आणि खरी काळजी तिथेच आहे. ‘डेटा एन्ट्री, राहणे-जेवण फुकट, पगार डॉलरमध्ये’ असा मेसेज ज्याला आला नाही, असा पदवीधर बीड जिल्ह्यात शोधावा लागेल. बँकॉकला उतरायचे, गाडीने माए सोतला जायचे आणि रात्री नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावड्डीत. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुसेनेच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणले.

पर्यटक म्हणून शिरून नोकरी करणे थायलंडमध्ये बेकायदा आहे. दहावी झालेली नसेल तर त्या देशात नोकरीसाठी जाताना आपल्या सरकारची वेगळी परवानगी लागते आणि नोकरी देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ‘आधी फिरायला या, मग बघू’ असे कोणी म्हणाले की समजून घ्या. पहिल्या प्रवासात थायलंड नको, हे आमचे मत या कारणाने आहे. स्वस्त तिकीट हे कारण पुरेसे नाही.

भूतानला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, रस्ताही जयगावहून सोपा. पण भारतीयांना रात्रीमागे १२०० रुपये शुल्क आहे. पाच रात्रींचे सहा हजार, तेही जेवण आणि खोली सोडून. आमच्या बजेटात ते बसत नाही.

उरला नेपाळ. तिथे आपल्याला व्हिसा नाही. पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. आधार कार्ड मात्र १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या व्यक्तींसाठीच ग्राह्य धरतात, हे आमच्यातल्या तिघांना माहीतच नव्हते. आपल्या शंभर रुपयांचे तिथे १६० होतात, हा दर ठरलेला आहे. २०२४ पासून अनेक दुकानांत आपले यूपीआय चालू लागले, तरी शंभरच्या नोटांची एक गड्डी जवळ असू द्या. पाचशेच्या नोटेवरून तिथे वर्षानुवर्षे वाद झाले आहेत.

रस्ता असा ठरवला आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या त्या रुळावरून आम्ही पहिल्यांदा जाऊ ते बुद्धाच्या वाटेने, याचा आनंद लपवत नाही. नगरला गाडी बदलून मनमाड, तिथून काशी एक्स्प्रेस. वाराणसीला उतरून सारनाथ, मग गोरखपूर, तिथून पन्नासेक किलोमीटरवर कुशीनगर, परत गोरखपूर आणि बसने सुनौली. सीमा पायी ओलांडायची. पलीकडे भैरहवा, आणि तिथून तासाभरात लुंबिनी. आमच्या हिशेबाने स्लीपर, धर्मशाळा, साधे जेवण आणि काठमांडूपर्यंतची बस धरून माणशी बारा हजारांत पंधरा दिवस निघतात. एक एजन्सी याच ठिकाणांसाठी हप्त्यांवर पैसे भरायला सांगत होती. उचल आम्ही घरात पाहिली आहे. फिरण्यासाठी उचल घेणार नाही. सरकारची तीर्थदर्शन योजना साठीच्या पुढच्यांसाठी आणि देशातल्याच स्थळांसाठी आहे. आजी-आजोबांचे अर्ज जरूर भरा, आपल्याला तिचा उपयोग नाही.

लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे, तो पाहाल. पण दोन दिवस थांबा. केंझो तांगे या जपानी वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावर उभ्या राहिलेल्या त्या परिसरात पूर्वेला थेरवादी आणि पश्चिमेला महायानी देशांचे विहार आहेत. म्यानमार, थायलंड, कंबोडिया, श्रीलंका, कोरिया, सगळे. कोरियन विहारात यात्रेकरूंची साधी सोय होते. नकाशावरून खोडलेले देश तिथे सायकलवर एका दिवसात भेटतात.

काठमांडूला बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये गेले. दीक्षेला जेमतेम महिना झाला होता, तब्येत खालावली होती. तिथल्या जागतिक परिषदेत ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हे भाषण करून ते सारनाथ, कुशीनगर पाहत दिल्लीला परतले आणि ६ डिसेंबरला गेले. आमचा रस्ता तोच आहे, उलट्या दिशेने.

तिथे आपल्या मनातला बौद्ध समाज सापडेल, अशा समजुतीने जाऊ नका. पाटणच्या नेवार बौद्धांत शाक्य आणि वज्राचार्य ही घराणी जन्माने पौरोहित्य करतात. बावीस प्रतिज्ञा म्हणत वाढलेल्या आपल्याला ते खटकेल. श्रीलंकेतही सियाम निकायाची दीक्षा गोविगम जातीपुरती राखलेली आहे. हे वाचून माहीत असणे वेगळे आणि त्यांच्यासोबत चहा पिताना विचारणे वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या तरुणांनी दोन दिवसांत सरकार खाली खेचले, त्यात गोळ्याही खाल्ल्या. त्यांच्याशी बोलायला मिळाले तर आम्हाला स्तूपांइतकेच मोलाचे वाटेल.

वेळ मात्र जपायची आहे. ५ मार्चला तिथे मतदान आहे आणि मतदानाच्या आसपास नेपाळ सीमा बंद ठेवतो. बुद्धपौर्णिमा यंदा १ मे रोजी, पण तराईतले तेव्हाचे ऊन आपल्या बीडपेक्षा सौम्य नाही. त्यात १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी आणि मिरवणूक गावात आमच्याच गळ्यात असते. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निघून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत यायचे ठरले. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. पाच जणांची तिकिटे निघाली. दोघांची अडली, कारण ओळखपत्रावर आडनाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. ऊसतोडीमुळे चार शाळा बदललेल्या मुलांच्या नावाचे असे चार प्रकार होतात. पासपोर्टला १५०० रुपये लागतात, पण त्याआधी नाव एक करावे लागते. ज्यांना पुढे नागपट्टिणमहून बोटीने श्रीलंकेला, १९५० मध्ये बाबासाहेब गेले त्या कँडीला जायचे आहे, त्यांनी हे काम आजच सुरू करावे. आमचे दोघे सोमवारी तहसीलला चालले आहेत. ज्यांची कागदपत्रे अशीच अडली आहेत त्यांनी सोबत यावे.