बावटा बंदरात, नौका समुद्रात!

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने परस्परांवर आदळली आणि ३४९ जीव क्षणार्धात गेले. कझाक विमानाने १५ हजार फुटांवरच राहावे, ही दिल्लीच्या नियंत्रकाची सूचना बिनतारी संचावरून गेलेली होती. तरीही विमान त्या उंचीच्या खाली उतरले. इंग्रजीचे तोकडे ज्ञान आणि विमानातील कर्मचाऱ्यांमधला विसंवाद, ही कारणे न्या. रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीतून पुढे आली. शब्द पोहोचला होता. अर्थ पोहोचला नव्हता.

या आघाताने देशाची हवाई यंत्रणा जागी झाली. टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे झाले. मुळात हवाई क्षेत्राचा एक जुना दंडक आहे. नियंत्रकाने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने परत उच्चारून दाखवायची, नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची आणि चूक असेल तर तिथल्या तिथे सुधारायची. ऐकणाऱ्याचे उत्तर येईपर्यंत सांगणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

हाच दंडक दापोली तालुक्यातील हर्णे बंदराला लावून पाहिला, तर काय दिसते? समोर सुवर्णदुर्ग उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचा हा साक्षीदार २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आणि त्याचा अभिमान सर्वांनी मिरवला. त्याच दुर्गाच्या साक्षीने रोज समुद्रात जाणाऱ्या खलाशांशी मात्र यंत्रणा कशी बोलते? वादळाचा अंदाज आला की बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो, परिपत्रके निघतात, भ्रमणध्वनीवर संदेश जातात. कागदोपत्री इशारा दिला गेला! पण जो तांडेल आदल्या दिवशीच खोल समुद्रात गेला, त्याला बंदरातला बावटा दिसणार कसा?

‘आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे’, असे उत्तर तत्काळ येते. किनाऱ्यापासून काही अंतर गेले की तो मोबाईल मुका होतो, हे हर्णेचे शाळकरी पोरही सांगेल. नौकेवरील बिनतारी संचालाही मर्यादा आहेत. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा गोलावा त्यांना अडवितो. दहा किलोमीटर उंचीवरील विमानाचा आवाज चारशे किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो. चार मीटर उंचीच्या डोलकाठ्या असलेल्या दोन नौकांना सोळा-सतरा किलोमीटरपलीकडे एकमेकींशी बोलणे कठीण. म्हणजे ज्याला मदतीची गरज अधिक, त्याचाच आवाज तोकडा!

याची किंमत कोकणाने मोजली आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आले, तेव्हा समुद्रात असलेले कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’च्या तडाख्यातून केरळ-तामिळनाडूच्या अनेक नौका भरकटत देवगडच्या आश्रयाला आल्या. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ने दापोलीतील मोबाईलचे मनोरेच आडवे केले आणि किनाराही मुका झाला.

उपाय नाही, असे मुळीच नाही. ‘इस्रो’चे संकटसूचक उपकरण २०१० पासून वापरात आहे. त्यावरून हाक देता येत असे. पण ती कोणी ऐकली का, हे बुडणाऱ्याला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या सुधारित उपकरणाने ही उणीव दूर केली. आता हाकेची पोच नौकेवर येते, किनाऱ्यावरून इशारा धाडता येतो आणि भ्रमणध्वनीला जोडून तो मातृभाषेत वाचता येतो. भारतीय वैज्ञानिकांनी आपले काम चोख बजावले! ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांनी १ लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभही केला.

खरी परीक्षा पुढेच आहे. उपकरणांची संख्या मोजून अहवाल सजविणे सोपे असते. ‘मच्छीमारच संच बंद ठेवतात’, अशी तक्रार अधिकारी करतात. ती काही वेळा खरीही असेल. परंतु ज्या संचावरून केवळ चौकशी होते आणि संकटात उत्तर येत नाही, त्यावर विश्वास बसावा कसा? २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौकाच बळकावली होती. तेव्हापासून मच्छीमाराला सागरी सीमेचे ‘डोळे आणि कान’ म्हटले जाते. ज्याला डोळे-कान म्हणायचे, त्याला वाचा नको काय?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात रात्रंदिवस मराठीत उत्तर देणारा नियंत्रण कक्ष हवा. इशारा दिला की प्रत्येक नौकेची पोच नोंदवली जावी आणि जिची पोच नाही तिचा शोध त्याच क्षणी सुरू व्हावा. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण होण्यापूर्वी प्रत्येक संचाची चाचणी व्हावी.

विमानातील प्रवाशाच्या जिवासाठी जो दंडक देश पाळतो, तोच हर्णेच्या खलाशालाही लागू झाला पाहिजे. त्याचे उत्तर ऐकू येत नाही, तोवर इशारा दिला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही!