शेंदराची पुडी उघडण्याआधी

येत्या शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर वाहायला निघणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः लेकरांना सोबत नेणाऱ्यांना, तातडीची विनंती आहे: देवाच्या अंगावरचा शेंदूर मुलांच्या कपाळाला लावू नका.

अस्सल शेंदूर म्हणजे शिसे. मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचे पिवळसर भस्म, भट्टीत हवेवर तापवले की त्याचा केशरी-लाल शेंदूर होतो. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 90 ग्रॅम शिसेच असते. जहाजांच्या आणि पुलांच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून हीच भुकटी तेलात कालवून लावत आले आहेत. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. म्हणजे भिंतीच्या रंगाला दहा लाखांत 90 ची मर्यादा, आणि कपाळाला लावायच्या शेंदरात शंभरात 90!

घोळ नावांपासून सुरू होतो. लाल दिसले की आपण कुंकू, शेंदूर, सिंदूर, हिंगूळ सगळे एकाच ताटात मांडतो. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीचे. चुन्याने किंवा टाकणखाराने हळद लाल होते. गेरू किंवा कोकणातली काव ही लोहाची माती. वारली चित्रांच्या भिंती तिनेच सारवलेल्या असतात. हिंगूळ मात्र पाऱ्याचा, म्हणून तोही घातक. आयुर्वेदातला रससिंदूर नावाने सिंदूर असला तरी तोही पाऱ्याचाच. त्यामुळे दुकानात नुसते ‘लाल द्या’ म्हणणे बरे नाही.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक नव्हते असे नाही. हेवा करणाऱ्याने विड्यातून शेंदूर चारला आणि गवयाचा गळा कायमचा गेला, अशा कथा मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या आहेत. त्या कितपत खऱ्या ते बाजूला ठेवू. शेंदूर पोटात जाता कामा नये, एवढी जाण त्यांत नक्की आहे. आणि तरीही मारुतीच्या पायांना लागलेले बोट आपण मुलाच्या कपाळावर टेकवतो. मूल कपाळ पुसते आणि त्याच हाताने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकते.

‘आम्ही लहानपणापासून लावतो, काही झाले नाही’ हे उत्तर मला ऐकायला मिळेलच. शिशाचा त्रास सहसा लगेच दिसत नाही. ते हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे राहते. गर्भवतीच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोचते. लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. कधी पोट दुखते, शौचाला होत नाही, रक्त कमी होते. पण पुष्कळदा काहीच कळत नाही आणि मुलाची बुद्धी व एकाग्रता मात्र उणावते. शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये सिंदुराच्या, म्हणजे भांगात भरायच्या लाल पुडीच्या, नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. मुंबई-दिल्लीतून घेतलेल्या नमुन्यांपैकी 78 टक्क्यांत शिसे आढळले. प्रसाधनांना रंग आणण्यासाठी शिशाची संयुगे वापरायला भारतात कायद्याने बंदी आहे, हे विक्रेत्यांनी लक्षात ठेवावे. पुडीवर ‘केवळ पूजेसाठी’ छापले म्हणून आतला शेंदूर निर्धोक होत नाही. हाताला जड लागणारी पुडी संशयास्पद समजा. हलकी असली तरी निर्धास्त होऊ नका, कारण नुसत्या नजरेला शिसे ओळखू येत नाही.

देवस्थानच्या विश्वस्तांना वेगळे सांगणे आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड कवच 2022 मध्ये काढले आणि मूळ रूप भाविकांना दिसले. असे काम पुढे अनेक गावांत होईल. कृपा करून कोरडे खरवडू नका. ती धूळ कारागिरांच्या छातीत जाते. निघालेले थर नदीत, बारवेत किंवा उकिरड्यावर टाकू नका. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. नवा लेप देण्यापूर्वी शुद्ध गेरूचा विचार करा, आणि घेतलेला माल प्रयोगशाळेतून तपासून घ्या. दर्शनानंतर हात धुवायला नळ आणि साबण ठेवणे तर आजच जमेल.

भक्तीला कोणी हात लावत नाही. तेल वाहा, रुईची माळ घाला, नारळ फोडा. पण घरातली शेंदराची डबी आजच मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मुलाने शेंदूर खाल्लाच तर घरगुती उपाय करत बसू नका, ओकारी करवू नका. पुडीसकट थेट डॉक्टरांकडे न्या, ‘कुंकू नव्हे, शेंदूर पोटात गेला आहे’ असे स्पष्ट सांगा आणि रक्तातले शिसे तपासायला सांगा.