हाडांचे औषध आणि तुलनेचा वाफा



अमळनेर तालुक्यात दिलेल्या आमच्या आक्काने शेणाची पाटी उचलली आणि पाठीत कळ आली. उसण भरली म्हणून सगळ्यांनी शेकले, चोळले. महिन्याने एक्स-रे काढला, तर मणका चेपलेला! पाळी गेल्यानंतर बाईची हाडे झपाट्याने झिजतात. पाटी उचलून मणका मोडतो, तेव्हा तो नुसता वयाचा दोष समजू नये.

मग घरात वाद, औषध कोणते चांगले? शेजारीण एक सांगे, भाचा दुसरे. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण दोन वाणांची तुलना कशी करतात, एवढे मला ठाऊक आहे. "उत्पन्न निम्म्याने वाढेल" असे कोणी म्हटले की आपण विचारतो, कोणाच्या शेतात आणि कशाच्या तुलनेत? औषधालाही तेच विचारावे.

ॲलेंड्रोनेटची गोळी आता आठवड्यातून एकदा घेतात. १९९६ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा निकाल आला. त्यातील साऱ्या बायांचा मणका आधीच मोडलेला होता. तीन वर्षांत नकली गोळीवर शंभरात १५ जणींचा नवा मणका मोडला, खऱ्या गोळीवर ८ जणींचा. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण शंभरात २ वरून १ वर आले. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. त्याच्या २००७ सालच्या चाचणीत मणक्याचा आकडा ११ वरून ३ वर आला.

मग सलाईन सरस? थांबा. रावेरच्या काळ्या जमिनीतले पीक आणि शिंदखेड्याच्या मुरमाड रानातले पीक शेजारी ठेवून वाणाचा निकाल लावता येतो का? या दोन चाचण्यांतल्या बाया सारख्या नव्हत्या. एकाच रानात दोन वाफे असावेत तशी चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात टेरिपॅराटाइडचे रोजचे इंजेक्शन आणि रिसेड्रोनेटची आठवड्याची गोळी समोरासमोर होती. दोन वर्षांत मणके मोडले इंजेक्शनवर शंभरात ५ जणींचे, गोळीवर १२ जणींचे. मणक्यासाठी इंजेक्शन सरस ठरले, खुब्याबाबत फरक सिद्ध झाला नाही. पण ते महाग आहे, रोज टोचावे लागते, आणि ते संपल्यावर दुसरे औषध घ्यावेच लागते, नाहीतर कमावलेले हाड परत जाते.

आक्काला डॉक्टरांनी गोळीच दिली. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे-प्यायचे नाही. आमच्या बाया पहाटे उठल्या की आडव्या होतातच कुठे, पण चहा सुटत नाही! आक्का सहा महिने चहाबरोबर गोळी घेत होती. तशी घेतली की औषध अंगी लागतच नाही. कोणी तिला सांगितलेच नव्हते. पुढे छातीत जळजळ सुरू झाली. मग मूत्रपिंडाची तपासणी करून सलाईन दिले. दोन दिवस ताप आला, पण आता वर्षाची काळजी नाही. चाचणीतला आकडा नियमाने घेणाऱ्या बाईचा असतो, हे विसरू नका.

सहा महिन्यांनी टोचण्याचे डेनोसुमॅब हेही गुणकारी आहे, पण ते मध्येच सोडणे धोक्याचे. सोडल्यावर हाड वेगाने झिजते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. कापूस विकल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्या घराने हे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी, हाड एकदा मोडल्यावर, काम भागत नाही. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडले असेल किंवा उंची कमी झाली असेल, तर तपासून घ्या. धुळ्याला किंवा जळगावला जाताना जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. दात काढायचा असेल तर तेही आधीच सांगा.