ठेकेदार जोतीराव

पुण्यातल्या कुणालाही विचारा, महात्मा फुले कोण? मुलींची शाळा, सत्यशोधक समाज... बस. पुढे सगळे गप्प.

अहो, हा माणूस ठेकेदार होता! 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'चा. खडकवासला धरणाच्या बांधकामाला त्यांनी माल पुरवला. म्हणजे धंदा इंग्रज सरकारच्या कामांवर. वर १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेवर नेमलं तेही सरकारनंच. अशा माणसानं मुकाट मान डोलवायची, नाही का?

१८७६ ते १८८० व्हाइसरॉय असलेला लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपयांचा ठराव आला. विरोध एकट्या जोतीरावांचा! गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, म्हणाले. पुढे मंडईच्या टोलेजंग इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. ती इमारत म्हणजे रे मार्केट. आज तिलाच 'महात्मा फुले मंडई' म्हणतात. घ्या!

आणि आपण? अप्रेझलच्या भीतीनं मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, अन् वीकेंडला चहा पीत महापालिकेच्या नावानं बोटं मोडतो. पुतळ्याला हार घालणं सोपंय हो. ज्याच्याकडून बिलं निघतात त्याच्यासमोर एकट्यानं 'नाही' म्हणून दाखवा, मग बोलू.