पिप पुन्हा वाचायला हवा

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ अनेकांनी शाळेत असताना संक्षिप्त रूपात वाचलेली असते. दलदलीकाठची दफनभूमी, पायात बेडी असलेला कैदी, लग्नाच्या जीर्ण पोशाखात बसून राहिलेली मिस हॅविशम एवढं लक्षात राहतं आणि पुस्तक वाचून झालं असं आपण धरून चालतो. ते वाचून झालेलं नसतं. संक्षिप्त आवृत्तीत घटना उरतात. त्या सांगणारा नायक, प्रौढ पिप, मात्र गळून जातो. लहान वयाकडे मागे वळून बघणारी ही प्रौढ नजरच एकोणिसाव्या शतकातल्या अशा कादंबऱ्यांचा प्राण आहे.

जो गार्जरी हा पिपचा मेहुणा. धंद्यानं लोहार, मनानं सोनं. पिपला पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन साहेबी थाटात राहू लागतो आणि एक दिवस जो त्याला भेटायला येतो. हातातली हॅट कुठं ठेवावी हेही त्याला कळत नाही, ती सारखी खाली पडत राहते. बोलताना तो मध्येच पिपला ‘सर’ म्हणतो. तरुण पिपला त्याची लाज वाटते. पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर आपण टाळली असती, हे तो नंतर स्वतःच सांगतो. बाराव्या वर्षी आपण हे वाचतो तेव्हा हॅटची गंमत वाटते. आईवडिलांना ऑफिसातल्या लोकांसमोर न्यायला एकदा तरी कचरलेल्या माणसाला मात्र ते पान सहज उलटता येणार नाही. पुढे पिप आजारी पडतो, जो त्याची शुश्रूषा करतो, आणि पिपच्या अंगात ताकद येऊ लागते तसतसा जो पुन्हा ‘सर’वर येतो. माया आणि दुरावा एकाच शब्दात इतके क्वचितच भेटतात.

ही कादंबरी डिसेंबर 1860 पासून पुढच्या ऑगस्टपर्यंत डिकन्सच्याच साप्ताहिकात दर आठवड्याला हप्त्यानं छापली जात होती. त्यामुळे प्रकरणं आटोपशीर आहेत. रोज रात्री एक वाचलं तरी दोन महिन्यांत संपते.

त्यानंतर 1847 ची ‘जेन एअर’ घ्या. शार्लट ब्रॉन्टीच्या दोन थोरल्या बहिणी शाळेत आजारी पडून 1825 मध्ये दगावल्या. ते दुःख आणि तो राग कादंबरीतल्या लोवूड शाळेत उतरला आहे. दहा वर्षांची अनाथ जेन आपल्या मामीला तोंडावर सुनावते, तेव्हा तिची बाजू घ्यायला घरात कुणीही नसतं.

आणि लगेच आपल्या हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ हाती घ्या. हीसुद्धा एकोणिसाव्या शतकातलीच, हप्त्यांनीच छापलेली आणि नायिकेनं, यमूनं, स्वतःच सांगितलेली. जेनला शिक्षिकेची नोकरी करता येते, नको ते घर सोडता येतं, शेवटी वारसाहक्कानं पैसाही मिळतो. यमूला लिहायला-वाचायला शिकवणारा, मायाळू नवरा मिळतो, पण तो गेल्यावर ना घर तिचं राहतं, ना डोक्यावरचे केस. तिला जेनइतकीच समज होती. बाहेर पडायला दार नव्हतं.