सात, अकरा आणि वीस

एप्रिलअखेरीस आमच्या ऑफिसची कामांची यादी वेबवरच्या ॲपमधून डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. वर्गणी संपत आली होती, शिवाय नेट गेलं की यादीही जायची. एक्स्पोर्ट केलं, सीएसव्ही फाइल उतरली, डबल-क्लिक केलं आणि देवनागरीत लिहिलेल्या क्लायंटच्या नावांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसली. त्याला उपाय सोपा आहे: फाइल थेट न उघडता एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून आणायची आणि यूटीएफ-८ निवडायचं.

खरा घोळ तारखांचा. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं होतं. घेतल्यापासून कुणी बदललंच नव्हतं. त्यामुळे टीडीएस भरण्याची ०७/०५ ही तारीख एक्सेलने ५ जुलै धरली. ११/०५ चं जीएसटीआर-१ थेट ५ नोव्हेंबरला गेलं. २०/०५ चं जीएसटीआर-३बी तेवढं वाचलं, कारण विसावा महिना नसतो. ते साधा मजकूर म्हणून तसंच राहिलं. म्हणजे रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, की डावीकडच्या शाबूत आणि नीटनेटक्या उजवीकडच्या बिघडलेल्या. आम्ही तासभर उलटंच समजत होतो! टीडीएसला उशीर झाला तर व्याज दरमहा दीड टक्का, तेही अर्धवट महिना पूर्ण धरून. तेव्हा तारखेचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ म्हणून आणा आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमात करून मगच पुढे पाठवा.

ॲप आयसीएस, म्हणजे कॅलेंडरची फाइल देत असेल तर तीच घ्यावी. त्या फाइलचं सध्याचं प्रमाण २००९चं आहे, थंडरबर्डसारखं सॉफ्टवेअर ती वाचतं आणि ‘दर महिन्याच्या ७ तारखेला’ हा नियम तिच्यात लिहिता येतो. ‘काम झाल्यापासून ३० दिवसांनी’ हा मात्र बसत नाही. आणि मार्चचा टीडीएस? त्याची मुदत ३० एप्रिल. जुन्या यादीत कुणीतरी ते एक काम हाताने पुढे ढकललेलं असतं. नव्या यादीत पुढच्या वर्षी ते मुकाट्याने ७ एप्रिललाच उगवतं. लवकर उगवलं म्हणून नुकसान नाही, पण एकदा खोटा गजर झाला की ज्युनिअर पुढच्या गजराकडेही बघत नाहीत.

झालेली कामंही आणावीत. काही ॲपची सीएसव्ही फक्त बाकी कामं देते. रिटर्नची पावती पोर्टलवर मिळेल, पण बिलं क्लायंटकडे कितव्यांदा मागितली, हे यादीतच असतं. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने घेतलेलं वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं ॲप ६ मे २०२० रोजी बंद झालं. कारण काही असो, वेबवरची यादी अशीही जाऊ शकते.

आम्ही जुन्या ॲपची वर्गणी आणखी एक महिना भरली. मेच्या ७, ११ आणि २० तारखा दोन्ही याद्यांत शेजारी ठेवून टिकमार्क केल्या आणि २१ला खातं बंद केलं.