माइल्सचा जमाखर्च आणि घरच्यांचा हक्क

बोईसर-तारापूरच्या परिसरातून परदेशी जाणारा मनुष्य ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने उभारलेल्या तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी तत्त्वावर चालू झाले आणि या किनाऱ्याचा सातासमुद्रापलीकडच्या जगाशी संबंध जडला. पुढे औद्योगिक वसाहतीत औषधे, रसायने, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या मालापाठोपाठ येथील माणसेही दुबई, फ्रँकफर्ट, सिंगापूर अशा दूरदेशी जाऊ लागली. निर्यात विभागातील अधिकारी, यंत्रे बसवून देणारा अभियंता, औषधांच्या गुणवत्तेची कागदपत्रे घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी जाणारा रसायनशास्त्रज्ञ, हे सारे वर्षातून कित्येकदा विमानात बसतात, आणि प्रत्येक प्रवासागणिक कोठल्या ना कोठल्या विमान कंपनीच्या खात्यात त्यांच्या नावे माइल्स, म्हणजे पुढे तिकिटापोटी खर्चता येणारे गुण, जमा होत राहतात. हे माइल्स म्हणजे कंपनीने खुशीने दिलेली बक्षिसी नसून ते त्या घराचे रीतसर येणे आहे, आणि म्हणून ते सबंध कुटुंबाच्या उपयोगी पडावेत अशी तजवीज कंपन्यांनी आणि सरकारने केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोईसरच्या वसाहतीतील एखादे मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे आणावे. कर्त्या पुरुषाच्या नावावर एमिरेट्सच्या स्कायवर्ड्स योजनेत काही हजार माइल्स आहेत, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये काही आहेत, एअर इंडियाच्या महाराजा क्लबात काही पॉइंट्स आहेत, आणि इंडिगोने 2024 साली ब्लूचिप ही योजना काढल्यापासून तेथेही थोडीबहुत भर पडत आहे. दिवाळीच्या सुटीत पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई यांना घेऊन सिंगापूर पाहून यावे, असा बेत ठरतो. रात्रीची जेवणे उरकल्यावर सारे जण संगणकापुढे बसतात. पाच प्रवासी असे नमूद करून तारीख घातली की त्या दिवशी एकही जागा उपलब्ध नसल्याचे उत्तर येते; प्रवाशांची संख्या दोनवर आणली की तीच तारीख, तेच विमान, आणि जागा मात्र आहेत. कारण असे की, माइल्सवर द्यावयाच्या जागांचा मोजका वाटा प्रत्येक उड्डाणात वेगळा काढलेला असतो, आणि त्या वाट्यात दोनच जागा उरल्या असतील तर पाच जणांच्या मागणीला सरसकट नकार मिळतो. मग आजी म्हणते, “माझं काय अडलंय, तुम्ही जाऊन या.” ज्या प्रवासाचा हेतूच सर्वांनी मिळून जावे हा होता, त्यातून सर्वांत आधी गळते ते घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचे नाव.

हे माइल्स कागदोपत्री एका इसमाच्या नावावर असतात; परंतु ते ज्या किमतीला मिळाले, ती किंमत एकट्याने दिलेली नसते. तो फ्रँकफर्टला असताना धाकट्याला ताप भरला, तर रात्रीच्या वेळी त्याला बोईसरच्या दवाखान्यात नेणारी त्याची आई होती; गणपतीच्या आरतीला, शाळेच्या पालकसभेला, गावाकडच्या लग्नकार्याला जी एक जागा रिकामी राहिली, ती घरच्यांनी भरून काढली. कारखान्याने तिकिटाचे पैसे दिले हे खरे, तथापि त्या अनुपस्थितीचा भार कुटुंबानेच सोसला. म्हणून खात्यावरील त्या आकड्यावर नैतिक हक्क कुटुंबाचा आहे, आणि नियमही त्या हक्काला अनुसरून असले पाहिजेत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. माइल्स ही देणगी आहे, देणाऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे अटी घालाव्यात आणि घेणाऱ्याने त्या निमूटपणे मान्य कराव्यात, असे म्हणणारे पुष्कळ आहेत; आणि बहुतेक योजनांच्या अटींमध्येही माइल्स ही सभासदाची मालमत्ता नव्हे, असे कलम ठळकपणे घातलेले असते. परंतु याच कंपन्यांची दप्तरे निराळी साक्ष देतात. 1 एप्रिल 2018 पासून आपल्याकडे लागू झालेल्या ‘इंड एएस 115’ या लेखामानकानुसार, तिकिटाच्या रकमेतील जो भाग माइल्सच्या पोटी येतो, तो कंपनीला लागलीच उत्पन्न म्हणून दाखविता येत नाही. माइल्स वापरले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत तो देणे म्हणूनच खतावणीत ठेवावा लागतो. 2020 च्या महासाथीत विमाने जमिनीवर उभी असताना अमेरिकेतील युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले, आणि डेल्टाने त्याच मार्गाने 9 अब्ज. ज्या वस्तूवर सावकार अब्जावधी डॉलर विश्वासाने मोजतो, तिला बक्षिसी म्हणता येणार नाही. कंपनीच्या वहीत जे देणे म्हणून लिहिले जाते, ते प्रवाशाच्या हाती येणे म्हणून का मानले जाऊ नये, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळणे हे अन्यायाला मूक संमती देण्यासारखे आहे.

आपल्या देशात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर 2012 मध्ये बंद पडली, तेव्हा किंग क्लबच्या सभासदांपाशी माइल्स होते, पण ते ज्यात खर्चावेत असे विमानच उरले नव्हते. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेजने आपले शेवटचे उड्डाण केले. तिची माइल्सची योजना वेगळ्या कंपनीच्या ताब्यात होती, म्हणून ती इंटरमाइल्स या नावाने पुढे चालू राहिली आणि सभासदांचे खाते तेवढे वाचले. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्ताराचे एअर इंडियात विलीनीकरण झाले, त्या वेळी क्लब विस्ताराचे पॉइंट्स एकास एक या प्रमाणात नव्या खात्यात वर्ग करण्यात आले, ही गोष्ट प्रशंसनीयच होय. परंतु या तिन्ही प्रसंगी सभासदाचे काय होणार, हे कायद्याने ठरविले नाही. कंपनीची रचना, तिची परिस्थिती आणि तिची सदिच्छा यांनी ते ठरविले. लोकांच्या घरचे येणे कोणाच्या सदिच्छेवर अवलंबून असणे योग्य नव्हे.

असा कायदा होईपर्यंत कुटुंबांनी काय करावे, याविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे मी कर्तव्य समजतो. पहिली गोष्ट अशी की, निरनिराळ्या कंपन्यांचे माइल्स सहसा एकत्र करता येत नाहीत. परंतु निरनिराळ्या खात्यांवरचे प्रवास मात्र एका सहलीत गुंफता येतात. जाताना दोन तिकिटे क्रिसफ्लायरमधून आणि तीन एअर इंडियाच्या पॉइंट्समधून, येताना त्याच्या उलट, अशी एकेरी तिकिटे काढली की पाच जागांच्या मागणीमुळे येणारा नकार बहुधा टळतो. एअर इंडिया 11 जुलै 2014 पासून स्टार अलायन्स या संघात आहे. सिंगापूर एअरलाइन्स आणि लुफ्तान्सा याही त्याच संघात आहेत, म्हणून यांपैकी एका कंपनीच्या माइल्सवर दुसरीच्या विमानाचे तिकीट काढण्याची मुभा असते. प्रवास कोणत्याही सभासद कंपनीचा असो, माइल्स एकाच निवडलेल्या खात्यात जमा करावेत, म्हणजे चार ठिकाणी चार थेंब साचण्याऐवजी एका ठिकाणी उपयोगी पडेल एवढा साठा होतो. घरातील माणसांची नावे खात्यात आधीच नोंदवून ठेवावीत, कारण क्रिसफ्लायरसारख्या योजनेत नाव नोंदविलेल्या नातलगांसाठीच तिकीट काढता येते. आणि एमिरेट्सप्रमाणे जेथे कुटुंबाचे माइल्स एका खात्यात गोळा करण्याची सोय आहे, तेथे ती अवश्य घ्यावी.

दुसरी गोष्ट मुदतीची. क्रिसफ्लायर आणि स्कायवर्ड्स या दोन्ही योजनांत माइल्स साधारण तीन वर्षांत बाद होतात, आणि मुदत संपण्यापूर्वीदेखील एखाद्या तिकिटाला लागणाऱ्या माइल्सचा दर कंपनी वाढवू शकते. सातपाटीच्या बंदरात उतरलेली मासळी जशी घरात ठेवून तिची किंमत वाढत नाही, तसेच माइल्सचे आहे. त्यांवर व्याज चढत नाही, फक्त घट होते. म्हणून मुलांची शाळा, आईची प्रकृती आणि घरातील सवड यांचा मेळ ज्या वर्षी बसेल, त्या वर्षीच ते खर्चून टाकावेत. तिसरी गोष्ट अशी की, माइल्सवरचे तिकीट बिनपैशाचे नसते. कर, विमानतळाचे शुल्क आणि काही कंपन्यांचा इंधन अधिभार रोख भरावा लागतो. पाच माणसांचा हा आकडा मांडून पाहिल्यावर काही वेळा साधे स्वस्त तिकीटच परवडते, आणि माइल्स अधिक लांबच्या प्रवासासाठी राखणे हिताचे ठरते.

पालघर जिल्ह्यातील माणसाला या हिशेबात आणखी एक रकाना मांडावा लागतो, आणि तो मुंबईकराच्या लक्षात सहसा येत नाही. तारापूरहून मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. माइल्सवर मिळणारी जागा पुष्कळदा मध्यरात्रीच्या किंवा पहाटेच्या विमानात असते, आणि त्या वेळी डहाणूची लोकल हाताशी नसते. मग चिल्हार फाट्यावरून महामार्ग गाठायचा, घोडबंदरापाशी वाहने अडली तर तेथे तिष्ठत बसायचे, म्हाताऱ्या माणसाच्या पायांना सूज येईल म्हणून मध्ये थांबायचे, आणि एवढे करून तीन-चार तास आधी विमानतळावर पोहोचायचे. कुटुंब दोन कंपन्यांच्या दोन विमानांत विभागले असेल तर गाडीच्या दोन फेऱ्या किंवा विमानतळावरील दीर्घ प्रतीक्षा, यांपैकी एक अटळ होते. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून जाणारे विमान निवडले, तर ठाणे ओलांडून पलीकडे जाण्याचा वेळ आणि खर्च आणखी वाढतो. म्हणून दोन गटांत प्रवास करावयाचा झाल्यास एकाच विमानतळावरून आणि शक्य तो दोनएक तासांच्या अंतराने सुटणारी विमाने पाहावीत, आणि प्रत्येक मुलासोबत एक मोठे माणूस राहील अशी विभागणी करावी. वाचलेले माइल्स आणि झालेले हाल यांची वजाबाकी घरूनच करून निघावे.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. या परिसरात केंद्र सरकारच्या सेवेत असलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. सरकारी खर्चाने केलेल्या प्रवासावर मिळालेले माइल्स हे त्या खात्याच्याच अन्य सरकारी प्रवासासाठी वापरावेत, खाजगी प्रवासासाठी वापरल्यास खातेनिहाय कारवाई होईल, असा केंद्रीय वित्त मंत्रालयाचा 13 जुलै 2017 चा आदेश आहे. तो मला सर्वस्वी न्याय्य वाटतो. मी कुटुंबाचा हक्क सांगतो तो या हक्काच्या सीमेसह सांगतो. ज्या प्रवासाचा पैसा जनतेने दिला, त्याचे फळ जनतेच्या तिजोरीत परत गेले पाहिजे, आणि खाजगी कारखान्यातील नोकरानेही आपल्या मालकाचा नियम आधी विचारून घेणे हेच सचोटीचे वर्तन होय.

आता सरकारकडे करावयाच्या मागण्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय रद्द झालेल्या उड्डाणांची आणि परताव्याची नियमावली ठरवून देते. त्याच अधिकारात माइल्सविषयी चार कलमे घालावीत. दर वाढविण्यापूर्वी किंवा मुदत घटविण्यापूर्वी सभासदाला निदान सहा महिन्यांची लेखी सूचना मिळावी. सभासद मरण पावल्यास त्याचे माइल्स रद्दबातल न होता वारसाच्या नावे विनाशुल्क वर्ग व्हावेत. एका शिधापत्रिकेवर ज्यांची नावे आहेत, त्यांना आपले माइल्स त्याच कंपनीच्या एका खात्यात एकत्र करण्याचा हक्क असावा. आणि कंपनी बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली, तर सभासदांचे येणे तिच्या देण्यांच्या यादीत नामनिर्देशपूर्वक दाखविले जावे. यात अवाजवी असे काही नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याने 5 सप्टेंबर 2024 रोजी तेथील चार मोठ्या कंपन्यांकडून अशाच योजनांची माहिती मागवून चौकशी आरंभिली.

आपल्याकडे 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य करार ही संकल्पना प्रथमच मान्य केली असून, ग्राहकाचे नुकसान करणाऱ्या एकतर्फी अटींविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची वाट त्यात मोकळी ठेवली आहे. बोईसरच्या आणि पालघरच्या ग्राहक संघटनांनी, कामगार संघांनी आणि कारखानदारांच्या मंडळांनी ही वाट चोखाळावी, आपल्या सभासदांच्या तक्रारी कागदपत्रांसह एकत्र कराव्यात, आणि आमदार-खासदारांकडे लेखी निवेदने द्यावीत. एकेकट्याच्या खात्यावरची रक्कम क्षुल्लक वाटते म्हणून कोणी पुढे येत नाही, आणि कोणी पुढे येत नाही म्हणून नियम बदलत नाही. ही साखळी तोडणे हे संघटित नागरिकांचेच काम आहे.